ओव्हरीतल्या गाठीचा रिपोर्ट आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन’

गेल्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एक काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. वय ५८. हातात नागपूरच्या बर्डीतल्या साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सोनोग्राफीचे कागद, सीटीच्या फिल्मा, रक्ताचे रिपोर्ट. मागे मुलगा उभा. काकूंनी दोन पानी रिपोर्ट उलगडला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे कोरिलेशन म्हनजे काय हाय जी? कॅन्सर हाय का नाही एवढंच सांगा ना. दोन पानं लिवले, पन तो शब्दच नाही कुठी."

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय पाहून रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. "क्लिनिकल कोरिलेशन करावे" म्हणजे हा रिपोर्ट रुग्णाच्या लक्षणांशी आणि बाकीच्या तपासण्यांशी ताडून पाहावा, ही ओळ मी आजवर किती वेळा लिहिली असेल, त्याचा हिशेब नाही. रेडिओलॉजिस्ट धड हो म्हणत नाहीत, धड नाही म्हणत नाहीत, असा आमच्यावर जुना आरोप आहे. कधीकधी तो खराही असतो. आमच्यातले काही जण ती ओळ छत्रीसारखी वापरतात. पण ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या, गाठीच्या बाबतीत ती लिहिण्यामागे खरं कारण असतं. फिल्मवर पेशी दिसत नाहीत. दिसतो तो गाठीचा आकार, तिची भिंत, आतलं पाणी, रक्ताचा पुरवठा. त्यावरून संशय किती घ्यायचा ते ठरतं. कॅन्सर आहे हे ठरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली, तुकडा तपासल्यावर.

काकूंचं सुरुवातीपासून सांगते, कारण बहुतेकींचं असंच होतं. चार महिने पोट फुगल्यासारखं वाटत होतं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. लघवीला सारखं जावं लागायचं. घरात सगळे म्हणाले गॅस आहे, मेडिकल स्टोअरवाल्याने गोळ्या दिल्या, कोणी ओवा सांगितला. मग परकराची नाडी पुरेना, तेव्हा सोनोग्राफी झाली. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई ही लक्षणं कुणालाही होतात. पण ती आधी नव्हती, गेल्या काही महिन्यांत सुरू झाली आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस टिकली, तर पन्नाशीपुढच्या बाईने सोनोग्राफी करून घ्यावी. दर बाईच्या गॅसमागे गाठ शोधा असं मी म्हणत नाही. पण चार महिने टिकणारा गॅस हा गॅस नसण्याची शक्यता धरायला हवी.

हा आजार उशिरा का कळतो, त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. ओव्हरी पाळीच्या वयात साधारण ३ सेंटिमीटरची असते, बदामाच्या घाटाची. पाळी गेल्यावर मनुक्यासारखी आक्रसते. ती ओटीपोटात जवळजवळ मोकळी लोंबत असते, त्यामुळे गाठ वाढली तरी तिला अडवणारं काही नसतं आणि सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. शिवाय तिथल्या कॅन्सरच्या पेशींना पसरायला रक्तवाहिनीची वाट पाहावी लागत नाही. पोटाच्या पोकळीत थोडं पाणी सतत फिरत असतं. पेशी त्यात सुटतात आणि तरंगत वर उजव्या बाजूला, यकृताच्या माथ्यापर्यंत पोचतात. आतड्यांवर चरबीचा एक पदर पसरलेला असतो, ओमेंटम. तो या पेशी अगदी चटकन टिपतो आणि जाड होत जातो. आजार पसरला की सीटीत हा पदर भाकरीच्या पिठाच्या थापीसारखा दिसतो.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर ओव्हरीचा क्रमांक लागतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण आढळतात. आणि एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा आणि आक्रमक प्रकार पुष्कळदा ओव्हरीत सुरूच होत नाही. तो सुरू होतो शेजारच्या गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला, आणि ओव्हरीवर येऊन वाढतो. नाव मात्र ओव्हरीचं झालं.

आता सोनोग्राफी. पहिली तपासणी हीच, आणि नीट केली तर सर्वांत उपयोगी हीच. पोटावरून करताना लघवी भरलेली लागते. आतून, म्हणजे योनीमार्गातून करताना लघवी करून यायचं असतं. आतली सोनोग्राफी म्हटलं की पुष्कळजणी कावऱ्याबावऱ्या होतात. बोटाएवढ्या जाडीचा प्रोब असतो, वर निरोध चढवलेला, जेली लावलेली. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. पण ओव्हरी प्रोबपासून अगदी जवळ येते, त्यामुळे पोटावरून पुसट दिसणारी गोष्ट तिथून स्वच्छ दिसते. नको असेल तर स्पष्ट सांगावं, तो तुमचा हक्क आहे. लग्न न झालेल्या मुलींमध्ये पोटावरूनच करतात आणि गरज पडली तर पुढे एमआरआय असतोच.

पडद्यावर पाणी काळं दिसतं. पातळ भिंतीची, आत निव्वळ काळं पाणी असलेली एकच पिशवी दिसली की मी निवांत होते. पाळीच्या वयात दर महिन्याला अंड्याची पिशवी साधारण २ सेंटिमीटरची होऊन फुटते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, वाढते, आणि रिपोर्टमध्ये सिस्ट म्हणून येते. दोन-तीन पाळ्यांनंतर पुन्हा पाहिलं की बहुधा गेलेली असते. अशा सिस्टपायी ऑपरेशनची तारीख घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना परत पाठवण्याचा आनंद वेगळाच.

नागपूरकर आहे म्हणून संत्र्याशिवाय उदाहरण सुचत नाही, सांभाळून घ्या. सोललेल्या संत्र्यात जसे पडदे असतात, तसे गाठीच्या आतही असतात. पडदे पातळ, गुळगुळीत आणि थोडे असतील तर काळजी कमी. ते जाड, वेडेवाकडे असतील, भिंतीवरून आत फुलकोबीसारखे कोंब आले असतील, पाण्यात घट्ट मांसल भाग असेल, त्या भागात डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त भरभर वाहताना दिसत असेल आणि सोबत पोटात पाणी असेल, तर संशय वाढत जातो. युरोपातल्या काही डॉक्टरांनी एकत्र येऊन २००८ मध्ये यावरून साधे नियम मांडले: पाच खुणा गाठ साधी असल्याच्या, पाच खुणा वाईट असल्याच्या. वाईट खुणांमध्ये वेडीवाकडी घट्ट गाठ, पोटातलं पाणी, चार किंवा जास्त कोंब, १० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी अनेक कप्प्यांची, घट्ट भाग असलेली वेडीवाकडी गाठ आणि भरपूर रक्तप्रवाह. नुसत्या वाईट खुणा दिसल्या तर वाईट, नुसत्या चांगल्या दिसल्या तर साधी. दोन्ही दिसल्या किंवा एकही दिसली नाही, तर नियम गप्प बसतात. असं चारात साधारण एकदा होतं. कोरिलेशनची ओळ मी प्रामाणिकपणे लिहिते ती तिथे.

अलीकडे रिपोर्टवर ‘ओ-रॅड्स’ नावाचा आकडा येतो आणि त्याने घरोघरी जो घोळ घातला आहे, त्याबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. मागे एका रुग्णाचा भाऊ दारातूनच रडत आला. रिपोर्टवर ओ-रॅड्स ४ लिहिलं होतं आणि त्याला कोणीतरी सांगितलं होतं की ही चौथी स्टेज. नाही! ओ-रॅड्स हा संशयाचा आकडा आहे, स्टेजचा त्याच्याशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने सोनोग्राफीसाठी तो २०२० मध्ये आणला. १ म्हणजे ओव्हरी नेहमीची. २ म्हणजे गाठ जवळपास खात्रीने साधी, कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. ३ म्हणजे शंभरात एक ते दहा. ४ म्हणजे दहा ते पन्नास. ५ म्हणजे पन्नास किंवा जास्त. आणि शून्य म्हणजे तपासणी पुरी झाली नाही, पुन्हा करा. म्हणजे ४ आकड्याच्या शंभर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना कॅन्सर नसतोच. स्टेज हा शब्द फार पुढचा. गाठ कॅन्सरची आहे हे ठरल्यावर ती कुठवर गेली त्याचं ते माप. त्या भावाला हे सांगितलं, तर तो आधी हसला आणि मग ज्याने सांगितलं त्याला फोन लावायला बाहेर गेला.

रक्तातली सीए-१२५ ही तपासणी, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा वाढणाऱ्या एका प्रथिनाची, जवळजवळ प्रत्येकीच्या पिशवीत असते. ३५ पर्यंत नॉर्मल. तिच्याकडून लोक नको तेवढी अपेक्षा करतात. पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या बायकांत ती वाढलेलीच नसते. उलट पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हा), लिव्हर खराब असताना, पोटाच्या टीबीत ती वाढते. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नसतो. १९९० पासून वापरात असलेला एक सोपा गुणाकार आहे. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. सोनोग्राफीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा या पाचांपैकी काहीच नसेल तर शून्य, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. या दोन्हींना सीए-१२५ ने गुणायचं. उत्तर २०० च्या वर गेलं तर कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवायचं. २८ वर्षांच्या मुलीचं सीए-१२५ समजा ९० आहे आणि दोन्ही ओव्हरींत चॉकलेट सिस्ट, म्हणजे साठून दाट झालेलं जुनं रक्त आहे. गाठ दोन्ही बाजूंना, एवढी एकच खूण. १ गुणिले १ गुणिले ९०, उत्तर ९०. आमच्या काकूंचं होतं ६४०. ३ गुणिले ३ गुणिले ६४०, उत्तर ५७६०. गणिताच्या मास्तरांनी शिकवलेला गुणाकार इथे असा कामाला येतो.

अगदी तरुण मुलींत हे गणित चालत नाही. विशीच्या आतल्या मुलीच्या ओव्हरीत घट्ट गाठ असेल तर अंडपेशींपासून होणाऱ्या ट्यूमरचा विचार येतो. तिथे एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या लागतात. या गाठी किमोला चांगला प्रतिसाद देतात आणि पुष्कळदा दुसरी ओव्हरी व गर्भपिशवी ठेवून उपचार होतात. पोरीची पिशवी सरसकट काढून टाकण्याआधी हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत.

सोनोग्राफीने नक्की सांगता आलं नाही की एमआरआय. त्याला मी एकच प्रश्न विचारते: गाठ कशाची बनली आहे? चरबीचे संकेत दाबून पाहता येतात. दाबल्यावर पांढरा भाग काळा झाला तर ती चरबी, म्हणजे बहुधा डर्मॉइड. ही गाठ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भुताटकीच वाटते, तिच्यात केस आणि कधी दातही सापडतात, पण बहुधा निरुपद्रवी असते. दाबल्यावरही पांढरा राहिला तर जुनं रक्त. घट्ट भाग गडद काळा असेल तर तंतूंची साधी गाठ, फायब्रोमा. कधीकधी या फायब्रोमामुळे पोटात पाणी होतं, छातीत पाणी होतं, सीए-१२५ ही वाढतं. सगळी चिन्हं कॅन्सरची आणि गाठ मात्र साधी. त्याला मीग्ज सिंड्रोम म्हणतात. मग शिरेतून औषध देऊन घट्ट भाग किती वेगाने उजळतो ते पाहतात आणि त्याची तुलना गर्भपिशवीच्या भिंतीशी करतात. भिंतीच्याही आधी गाठ उजळली तर लक्षण बरं नाही.

एमआरआयच्या दाराशी मंगळसूत्र, जोडवी, नथ काढावी लागते. कित्येक बायका कॅन्सरच्या शब्दाला डगमगत नाहीत, पण मंगळसूत्र काढताना हात थांबतो. आमच्याकडची एक सिस्टर ते स्वतःच्या मुठीत धरून बाहेर उभी राहते. प्रोटोकॉलमध्ये हे कुठे लिहिलेलं नाही.

सीटीचं काम वेगळं. गाठ साधी की वाईट हे ठरवायला सीटी तितकीशी चांगली नाही, आणि तरी पुष्कळ ठिकाणी पहिली तीच केली जाते. तिचा प्रश्न: कुठवर गेलं? चरबीचा पदर, यकृतावरचं आवरण, लसीका गाठी, फुप्फुसाभोवतीचं पाणी, सगळं एका फेरीत दिसतं. गाठ ओव्हरी किंवा नलिकेपुरतीच असेल तर पहिली स्टेज, ओटीपोटात पसरली तर दुसरी, वर पोटाच्या आवरणावर किंवा लसीका गाठींत गेली तर तिसरी, आणि छातीच्या पाण्यात पेशी सापडल्या किंवा यकृताच्या आत गाठी झाल्या तर चौथी. आतड्यांवरचे ज्वारीच्या दाण्याहून बारीक कण सीटीला पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून सर्जन पोट उघडतो तेव्हा कधीकधी आमच्या रिपोर्टपेक्षा जास्त सापडतं. सीटीच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते, पाहतात, कारण चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध किडनीतून बाहेर पडतं. मे महिन्यात छिंदवाडा, गडचिरोलीहून रात्रीच्या बसने निघालेली माणसं "उपाशी या" म्हटलं म्हणून पाण्याचा थेंब न घेता येतात. इथलं ऊन ४५ अंशांचं. उपाशी म्हणजे काय, पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे सेंटरला फोन करून विचारून घ्या.

मागे २४ वर्षांची एक मुलगी आली. पोटात पाणी, सीए-१२५ पाचशेच्या वर, सीटीत पदर जाड, घरच्यांनी आशा सोडलेली. मी रिपोर्टमध्ये दोन शक्यता लिहिल्या आणि त्यातली एक टीबी होती. दुर्बिणीतून तुकडा घेतला, टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि ती पुन्हा कॉलेजात गेली. पोटाचा टीबी ओव्हरीच्या कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतो, आणि पेट स्कॅनमध्येही कॅन्सरसारखाच चमकतो. आपल्या देशात ही शक्यता विसरून चालत नाही. तुकड्याशिवाय किमो सुरू करू नये, हा आग्रह यासाठी.

आता सुईबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. गाठ ओव्हरीपुरतीच आहे, संशय आहे, आणि कोणी म्हणालं "सुईने पाणी काढून पाहू", तर नाही म्हणा. संत्रं अख्खं असतं तोवर रस बाहेर येत नाही. अशी गाठ फुटली तर आतल्या पेशी पोटात सांडतात आणि निव्वळ पहिल्या स्टेजचा ए गट सी गटात जातो, ज्याला पुढे किमोची गरज पडू शकते. शिवाय त्या पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही असंही नसतं. अशी गाठ अख्खी काढून, ऑपरेशन चालू असतानाच तिचा भाग गोठवून तपासतात आणि तिथल्या तिथे पुढचं ठरवतात. उलट आजार पसरलेलाच असेल, पदर जाड असेल, तर सोनोग्राफीखाली पदरातून सुईने तुकडा घेणं योग्य, कारण आधी किमो द्यायचा की ऑपरेशन करायचं ते त्यावर ठरतं. सुई तीच, पण एका जागी घात करते आणि दुसऱ्या जागी वाट दाखवते. वर्षभरापूर्वी एकीच्या सिस्टचं पाणी कुठेतरी तीनदा काढलं गेलं होतं, दर वेळी "नॉर्मल". चौथ्या वेळी ती माझ्याकडे आली. त्या फिल्मा मला अजून आठवतात.

ऑपरेशन कोण करणार, हा प्रश्नही नातेवाइकांनी विचारावा. संशय जास्त असेल तर स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत तयार असलेला सर्जनच हवा, कारण पहिल्या ऑपरेशनमध्ये मागे किती राहिलं यावर पुढचं बरंच ठरतं. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय कॅन्सर हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, इतक्या सोयी आता गावातच आहेत. मुंबईच गाठावी लागते असं दरवेळी नाही. तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचा आला तर बीआरसीए जनुकांची तपासणी करून घ्यावी. तिचा उपयोग औषध निवडायला होतो, आणि घरातल्या मुली-बहिणींनाही. सर्वसाधारण शंभर बायकांत आयुष्यभरात एखादीला होणारा हा आजार बीआरसीए-१ चा दोष असलेल्या शंभरात चाळीसएक जणींना होऊ शकतो.

यावर लगेच प्रश्न येतो: मग दरवर्षी सगळ्यांनीच सोनोग्राफी आणि सीए-१२५ करावं का? महिला दिनाला पॅकेजच्या जाहिराती येतात, स्वस्तात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांचे गट करून, काहींच्या अशा तपासण्या करायच्या आणि काहींच्या नाही, असं वर्षानुवर्षं करून पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला: तपासण्या केल्या त्या गटातले मृत्यू कमी झाले नाहीत. काही बायकांच्या साध्या गाठींसाठी ऑपरेशनं मात्र झाली. त्रास नसेल, घराण्यात इतिहास नसेल, तर हे पॅकेज घेऊ नका. त्या पैशात स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करा, तिथे फायदा दिसलेला आहे.

काकूंना यातलं जेवढं तेव्हा लागत होतं तेवढं सांगितलं. संशय खूप आहे, पण नाव तुकड्यानंतर. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "तीन सालाआधी पित्ताच्या खड्याची सोनोग्राफी केली होती, तो कागद घरी पेटीत हाय. आता काय कामाचा?" मी म्हटलं, काकू, तोच आधी आणा. जुना कागद असला की गाठ आधीपासून होती की नव्याने आली ते कळतं, आणि लोक नेमका तोच घरी ठेवून येतात.

दोन दिवसांनी मुलगा घेऊन आला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. तीन वर्षांपूर्वी दोन्ही ओव्हरी नॉर्मल होत्या. मी माझा रिपोर्ट पुन्हा उघडला, तुलनेची ओळ घातली, आणि शेवटची ओळ खोडून तिथे लिहिलं: पदराच्या डाव्या भागातून सोनोग्राफीखाली बायोप्सी शक्य, सुईच्या वाटेत आतडं नाही.